गाणं येतं, मग बोलणं का येत नाही? ऑटिझम, संगीत आणि भाषा

चार-पाच वर्षांचं मूल आहे. मोठंच्या मोठं बडबडगीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणतं, एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही, सूरही पक्का. तेच मूल तहान लागली की आईचा हात धरून तिला पाण्यापाशी ओढत नेतं. तोंडातून शब्द निघत नाही. त्याच गाण्यात ‘पाणी’ हा शब्द तीनदा येतो, म्हणून घरातली माणसं म्हणतात, ‘सगळं येतं त्याला, पण बोलायचंच नाही.’

यात हट्ट नसतो. गाणं म्हणणं आणि शब्द वापरून काही मागणं ही दोन वेगळी कामं आहेत. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या अनेक मुलांना पहिलं सोपं जातं आणि दुसरं अतिशय अवघड.

गाण्यात पुढचा शब्द शोधावा लागत नाही, चालच तो ओढून आणते. क्रम ठरलेला, वेग ठरलेला, समोर कुणी नसलं तरी चालतं. बोलताना मात्र एका क्षणात चार गोष्टी जमवाव्या लागतात: आपल्याला काय हवंय ते ओळखायचं, त्यासाठी नेमका शब्द निवडायचा, समोरच्या माणसाला सांगितलं तर काम होईल हे उमगायचं, आणि श्वास, ओठ, जीभ यांची जुळणी करून तो शब्द वेळेत बाहेर काढायचा. शिवाय मुलाने गाणं शिकताना ते अख्खं, एका तुकड्यासारखं उचललेलं असतं. गाण्यातलं ‘पाणी’ आणि भांड्यातलं पाणी यांची गाठ पडलेलीच नसते. ती गाठ घालून द्यावी लागते, आणि त्यासाठी संगीत चांगलं कामाला येतं. फक्त ते वापरायचं कसं, आणि काढून कधी घ्यायचं, हे दोन्ही माहीत हवं.

सुराची ओढ कुठून येते?

अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांच्या नोंदींवरून ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यातली 8 मुलं बोलायला शिकली होती, पण त्यांचं बोलणं बरंचसं ऐकलेलं पुन्हा म्हणण्याचं होतं. त्यातला एक मुलगा दीड वर्षाचा असताना 18 सिंफनी (पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मोठ्या रचना) वेगवेगळ्या ओळखायचा. सगळी स्वमग्न मुलं अशी नसतात, आणि काहींना संगीत अजिबात आवडत नाही. तरी सुरांकडे बारीक लक्ष असणं या मुलांमध्ये पुष्कळदा आढळतं. 1998 मधल्या एका प्रयोगात मुलांना एकेक सूर आणि एकेक प्राण्याचं चित्र यांची जोडी शिकवली. ऑटिझम असलेल्या मुलांनी या जोड्या इतर मुलांपेक्षा चांगल्या लक्षात ठेवल्या. सुरांऐवजी भाषेतले ध्वनी दिले तेव्हा मात्र त्यांची ही आघाडी राहिली नाही.

मेंदूच्या स्कॅनमध्येही असंच काहीसं दिसलं. डाव्या मेंदूच्या पुढच्या बाजूला भाषेसाठी महत्त्वाचा एक भाग आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बोललेलं ऐकताना ऑटिझम असलेल्या मुलांचा हा भाग इतर मुलांपेक्षा कमी सक्रिय दिसला, आणि गायलेलं ऐकताना जास्त. म्हणजे शब्द सुरात आले तर त्यांना आत शिरायला वाट मिळते, असं मानायला जागा आहे.

ऐकलेलं जसंच्या तसं पुन्हा म्हणण्याला इकोलालिया म्हणतात. पूर्वी ही सवय मोडायची गोष्ट समजली जायची. 1981 मध्ये प्रिझंट आणि ड्यूकन यांनी मुलांच्या अशा बोलण्याचं बारकाईने निरीक्षण करून दाखवलं की त्यामागे हेतू असतो: कधी ‘हो’ म्हणायचं असतं, कधी मागायचं असतं, कधी आपली पाळी घ्यायची असते. ‘तुला भूक लागली?’ असं मूलच तुम्हाला विचारत असेल, तर बहुतेक वेळा त्यालाच भूक लागलेली असते. म्हणून गाण्याचे तुकडे म्हणणाऱ्या मुलाला गप्प करू नका. तो तुकडा ते कोणत्या वेळी म्हणतं ते आधी बघा. अंघोळीच्या गाण्याची ओळ ते दुपारी दारापाशी उभं राहून म्हणत असेल, तर त्याला पाण्यात खेळायचं असू शकतं.

संशोधनाने काय हाती दिलं

इथे अपेक्षा नेमक्या ठेवायला हव्यात, कारण पालकांना फार मोठी आश्वासनं दिली जातात.

2017 साली 9 देशांतल्या 4 ते 6 वर्षांच्या 364 मुलांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्या मुलांना नेहमीच्या उपचारांबरोबर 5 महिने संगीतोपचार दिला, त्यात थेरपिस्ट मुलाच्या आवाजाला, हालचालीला वाजवून-गाऊन उत्तर देत असे. शेवटी सामाजिक संवादाच्या लक्षणांत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक निघाला नाही. 2018 मध्ये माँट्रियलच्या अभ्यासात 6 ते 12 वर्षांची 51 मुलं होती. आठवड्याला 45 मिनिटं, 8 ते 12 आठवडे. एका गटाबरोबर संगीत, दुसऱ्याबरोबर तसाच पण संगीताशिवायचा खेळ. पालकांच्या नोंदींनुसार संगीताच्या गटाचा संवाद जास्त सुधारला, आणि मेंदूतल्या ऐकण्याच्या व हालचालीच्या भागांची जोडणीही वाढलेली दिसली. 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, 26 अभ्यास आणि 1165 जण होते. त्यात एकंदर सुधारणा आणि जगण्याचा दर्जा यांत फायदा दिसला, पण बोलून होणाऱ्या संवादात स्पष्ट फरक सिद्ध झाला नाही.

याचा आमच्या मते अर्थ असा: नुसतं संगीत सुरू केलं की भाषा आपोआप येईल, हे खरं नाही. ठरावीक शब्दांसाठी, ठरावीक पायऱ्यांनी संगीत वापरणं ही वेगळी गोष्ट आहे. तिचं सर्वांत स्पष्ट उदाहरण बॉस्टनमधलं. 1973 मध्ये तिथे पक्षाघाताने वाचा गेलेल्या मोठ्या माणसांसाठी वाक्यं दोन सुरांत गाऊन, हाताने ठेका धरून बोलणं परत आणण्याची पद्धत मांडली गेली. त्याच धर्तीवर कॅथरीन वॅन, गॉटफ्रीड श्लाउग आणि सहकाऱ्यांनी न बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलांसाठी पद्धत बसवली आणि 2011 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. 5 ते 9 वर्षांची फक्त 6 मुलं, 15 शब्द आणि छोटी वाक्यं, 45 मिनिटांची 40 सत्रं, आठवड्याचे 5 दिवस, 8 आठवडे. सहाही मुलं शब्दांच्या जवळ जाणारे उच्चार करू लागली, आणि न शिकवलेल्या शब्दांतही थोडी प्रगती दिसली. मोजलं होतं ते ‘जवळ जाणारे उच्चार’, पूर्ण स्पष्ट शब्द नव्हे. मुलं थोडी होती, मेहनत प्रचंड होती. तरी ज्यांनी एकही शब्द काढला नव्हता त्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नाही.

सुरुवातीआधी तपासायच्या दोन गोष्टी

पहिली, कान. मूल गाण्याला प्रतिसाद देतं म्हणून ऐकू नीट येतं असं धरून चालू नका. काही पट्टीतले आवाज ऐकू येतात आणि ‘स’, ‘फ’, ‘ट’ असे बारीक ध्वनी निसटतात, असं होऊ शकतं. बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी), आणि मूल सहकार्य करत नसेल तर बेरा चाचणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी), आधी व्हायला हवी.

दुसरी, आवाजाचा त्रास. मूल कान झाकतं का? कोणत्या आवाजाला? झांज, खुळखुळा, शिट्टी यांचा टोकदार आवाज अनेकांना सहन होत नाही. मऊ, खालच्या पट्टीतला आवाज बरा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला 40 तास ऐकण्याची मर्यादा 75 डेसिबल सांगितली आहे. घरगुती हिशोब असा: गाणं चालू असताना हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे. सरावाच्या वेळी टीव्ही, रेडिओ, मोबाइल बंद. मागे चालणारं संगीत शिकवायला मदत करत नाही, उलट तुमचा आवाज त्यात बुडतो.

‘पाणी दे’ कसं शिकवायचं

शब्द निवडताना मराठीची एक अडचण लक्षात घ्या. ‘हवं’ हा शब्द वस्तूप्रमाणे बदलतो: चेंडू हवा, गाडी हवी, पाणी हवं. ज्या मुलाला वाक्य आहे तसं उचलायची सवय आहे त्याच्यासाठी ही तीन वेगळी कोडी होतात. ‘दे’ वस्तूप्रमाणे बदलत नाही. चेंडू दे, गाडी दे, पाणी दे. म्हणून सुरुवात ‘दे’ने करा. तसंच ‘तुला पाणी हवं का?’ अशी ओळ गाऊ नका, कारण मूल तीच ओळ तशीच परत देईल. ओळ मुलाच्या तोंडी शोभेल अशी रचा. आई मुलाला ‘मी जाते’ असं गाऊन शिकवत असेल तर मुलगाही ‘मी जाते’च म्हणेल. मुलगा असेल तर आईनेही ‘मी जातो’ गायचं. थोडं विचित्र वाटेल, पण बरोबर तेच आहे.

सुरुवातीला पाच-सहाच शब्द घ्या, आणि असे, की म्हटल्याबरोबर काहीतरी घडेल: दे, ये, वर, बास, नको, पाणी दे. ‘नको’ आणि ‘बास’ पहिल्या यादीत असलेच पाहिजेत. नकार सांगता न येणारं मूल चावून, ओरडून, पळून नकार सांगतं. ओठांनी होणारे प, ब, म हे ध्वनी दिसतात, म्हणून सोपे. ‘पाणी’तला ‘ण’ अवघड आहे, ‘पानी’ किंवा ‘पाई’ आलं तरी पूर्ण मान्य करा.

आता चाल. दोनच सूर पुरेत: सा आणि त्याच्या वरचा कोमल ग. सुरांचं ज्ञान नसलं तरी अडत नाही, एक खालचा आणि एक थोडा वरचा, एवढं पुरे. ‘पाणी दे’ नेहमीच्या आवाजात दहा वेळा म्हणून बघा. ‘पा’वर आवाज चढतो, पुढे उतरतो. तेच चालीत ठेवा: ‘पा’ वरच्या सुरावर, ‘णी’ आणि ‘दे’ खालच्या. बोलण्यातल्या चढ-उताराच्या उलट चाल लावली तर पुढे चाल काढून घेताना शब्द ओळखू न येण्याजोगा वाकडा होतो. वेग सेकंदाला साधारण एक अक्षर. आपण गप्पा मारताना सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो, त्यामुळे हे फार संथ वाटेल. तेवढंच हवं.

समोरासमोर बसा, तुमचं तोंड मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर. मधे दोन पालथे डबे: एक खालच्या सुरासाठी, एक वरच्या. मुलाच्या हातावर हात ठेवून प्रत्येक अक्षराला एक थाप. हात धरलेला आवडत नसेल तर मुलाला नुसतं बघू द्या. थाप नुसता ठेका देत नाही, तोंडाची हालचाल कधी सुरू करायची याची खूणही ती मुलाला देते. शेजारी भरलेला पेला, मुलाला दिसेल असा.

यानंतर पाच पायऱ्या. आधी तुम्ही एकटे गा आणि वाजवा, दोनदा, आणि लगेच घोटभर पाणी द्या. मग मुलाबरोबर एकत्र गा. त्याचा आवाज निघाला नाही तरी थाप चालू ठेवा. तिसरी पायरी, एकत्र सुरू करून तुम्ही मधेच थांबायचं: ‘पा-णी…’ आणि ‘दे’ मुलासाठी सोडायचं. चौथी, तुम्ही पूर्ण गायल्यावर त्याने पाठोपाठ म्हणायचं. पाचवी, तुम्ही फक्त पेला दाखवायचा. प्रत्येक वेळी जे काही आलं, ‘आ…ए’ एवढंच का असेना, त्यावर पाणी लगेच मिळालं पाहिजे. टाळ्या, ‘शाब्बास’, चॉकलेट यांची गरज नाही. ‘पाणी दे’चं बक्षीस पाणी. दुसरं बक्षीस दिलं तर मूल शब्दाला त्या बक्षिसाशी जोडतं.

घरी एका वेळी 10 ते 15 मिनिटं, दिवसातून दोनदा पुरे. मूल उठून गेलं तर मागे धावू नका. ‘बास’ म्हणून थांबा, आणि जमलं तर ते ‘बास’ त्याच दोन सुरांत गा.

बिघडतं कुठे

सर्वांत जास्त बिघडतं ते थांबण्यात. तिसऱ्या पायरीवर मोठी माणसं दीड-दोन सेकंद थांबतात आणि शब्द स्वतःच पूर्ण करतात. मुलाला आवाजाची तयारी करायला त्याहून जास्त वेळ लागतो. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. त्या वेळात पुढे झुका, भुवया उंचवा, तोंड ‘दे’च्या आकारात ठेवा, आवाज काढू नका. मुलाच्या अंगात हालचाल दिसते: हात थबकतो, ओठ हलतात, कधी नुसता श्वास आत घेतला जातो. तो श्वास दिसला की आणखी दोन सेकंद द्या, बहुतेक वेळा आवाज त्याच्याच मागे असतो. आलं नाही तर तुम्ही म्हणा, पाणी द्या, पुढे चला. पाणी अडवून धरायचं नाही. तहानलेल्या मुलाला शब्दासाठी ताटकळत ठेवलं की ते गाण्यालाच घाबरू लागतं.

दुसरी चूक, ‘म्हण’. ‘म्हण, पाणी दे’ असं सांगितलं की मूल ‘म्हण पाणी दे’ एवढं सगळं उचलतं, आणि पुढे वर्षभर पाणी मागताना आधी ‘म्हण’ लावतं. सूचना देणारा शब्द ओळीत येऊच देऊ नका.

तिसरी, मोबाइलवरची गाणी. रेकॉर्ड केलेलं गाणं मुलासाठी थांबत नाही, त्याच्या आवाजाने काही बदलत नाही. ऐकून मन रमतं, तेवढ्यासाठी जरूर लावा, पण त्याला भाषेचा सराव समजू नका. तुमचा बेसूर पण थांबणारा आवाज त्याहून उपयोगी आहे.

ज्या मुलाला आधीच पुष्कळ गाणी येतात त्याच्याबरोबर डब्यांऐवजी त्याच्याच आवडत्या गाण्यात रिकामी जागा सोडा. ओळीचा शेवटचा शब्द आधी, कारण तिथे चालीची ओढ सर्वांत जास्त असते. तो येऊ लागला की मधला शब्द. मग शब्द बदला: गाण्यात घोडा असेल तिथे हातात गाडी धरून थांबा. इथे काही मुलं चिडतात, गाणं ‘मोडलं’ म्हणून रडतात. अशा वेळी मूळ गाण्याला हात लावू नका. त्याच चालीवर नवीन, छोटं, दुसरं गाणं करा आणि त्याला पहिल्यापासून वेगळं नाव द्या.

चाल काढून घेणं

हे काम बहुतेक घरांत राहून जातं, आणि मग मूल सहा महिने ‘पाणी दे’ गातंच राहतं. दहापैकी आठ वेळा, सलग दोन दिवस, शब्द स्वतःहून आला की एक पायरी उतरा. आधी वेग वाढवून बोलण्याच्या जवळ न्या. मग दोन सुरांतलं अंतर कमी करा. मग सूर सोडून फक्त थाप ठेवा, मग थापही मांडीवर बोट आपटण्याइतकी छोटी करा, मग काहीच नको. शब्द अडखळला तर एकच पायरी वर जा, पुन्हा पहिल्यापासून नको. त्याच वेळी माणसं आणि जागा बदला: आज आई, उद्या बाबा किंवा आजी, आज बैठकीच्या खोलीत, उद्या अंगणात, पेल्याऐवजी बाटली. एकाच माणसाकडे, एकाच चटईवर येणारा शब्द अजून त्या चटईचाच आहे.

दर आठवड्याला एका कागदावर तीनच गोष्टी लिहा: कोणता शब्द, चालीत की चालीविना, कुणी सांगितल्यावर की आपणहून. 8 आठवडे नियमित सराव करूनही एकाही शब्दाच्या जवळचा आवाज आला नाही, किंवा तोच शब्द दर वेळी वेगळाच निघतो आणि मूल तोंडाने चाचपडताना दिसतं, तर स्पीच थेरपिस्टला हे नेमक्या शब्दांत सांगा. तोंडाच्या हालचाली आखण्यातली अडचण, म्हणजे ॲप्रॅक्सिया, असू शकते आणि तिचा सराव वेगळ्या तऱ्हेने करतात.

फिल्टर केलेलं संगीत खास हेडफोनमधून ठरावीक तास ऐकवून ‘कान तयार करण्याचे’ महागडे कार्यक्रम विकले जातात. त्यांनी भाषा सुधारते असा भरवशाचा पुरावा नाही. तो पैसा आणि वेळ स्पीच थेरपीला द्या.

सरावाबरोबर मुलाला चित्रांचं कार्ड, खुणा किंवा बोलणारं ॲप जरूर द्या. ‘मग ते बोलण्याचा कंटाळा करेल’ ही भीती खरी ठरलेली नाही. 2006 मधल्या एका आढाव्यात काटेकोरपणे तपासलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे कमी झालं नाही, बहुतेकांचं वाढलं. शाळेच्या वयातही ऑटिझम असलेल्या साधारण 25 ते 30 टक्के मुलांचं बोलणं मोजक्या शब्दांपुरतं राहतं. त्यांनाही तहान लागते, दुखतं, नको असतं. पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं तर पाणी तितक्याच लगेच मिळालं पाहिजे, आणि देताना तुम्ही ‘पाणी दे’ त्याच दोन सुरांत म्हणत राहा.